पद्मिनीचं सस्पेंशन आणि एका रात्रीचा गंज

मंडळी, बऱ्याच जणांनी विचारलं, सस्पेंशनचे पार्ट उघडे लोखंडी किती भारी दिसतात, मग रंगवायचे कशाला? ऐका. बाबांची प्रीमियर पद्मिनी मी इथे वर्ध्यात खोलली, तीही जुलैत. पुढचे आर्म सँडब्लास्ट करून आणले, चांदीसारखे! म्हटलं, प्रायमर उद्या मारू. रात्रभर पाऊस. सकाळी सगळे केशरी.

ब्लास्ट केलेलं लोखंड दमट हवेत काही तासांत गंज धरतं. हाताचा घामही पुरतो. म्हणून हातमोजे, थिनरने पुसणं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. वर टू-के काळा रंग. आटे, बुशची जागा आणि बोल्ट जिथे टेकतो तो भाग टेपने झाका. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि आवळलेला बोल्ट ढिला पडतो. पावडर कोटिंगही चालतं, पण ते 180-200 अंशांच्या भट्टीत भाजतात, तेव्हा रबरी बुश आधी काढा.

खरी भीती स्प्रिंगची. पद्मिनीला पुढे कॉइल, मागे पाटे. एक जण म्हणाला, ॲसिडमध्ये बुडवून झिंक चढवतो, चकाचक! मी नाही म्हटलं. कडक पोलादात ॲसिडमुळे आणि प्लेटिंगमुळे हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि स्प्रिंग न सांगता तुटते. नागपूर रोडवर, घरचे मागे बसलेले असताना तुटली तर? स्प्रिंगला वायर ब्रश, प्रायमर, रंग, बस. पाट्यांच्या मधे ग्राफाइट ग्रीस.

आर्म परत ब्लास्टिंगला नेले, पैसे दुसऱ्यांदा गेले. यावेळी प्रायमरचा डबा सोबतच नेला.