जुनी जिप्सी घेताय? आधी खाली वाकून बघा!

पहिला पाऊस पडला की ऑफिसच्या कॉफी मशीनभोवती एक ठरलेला विषय निघतोच. कुणीतरी मोबाइल पुढे करतं. फोटोत चिखलानं माखलेली, ताडपत्रीचं हूड लावलेली जुनी मारुती जिप्सी. ‘फक्त साडेतीन लाख यार! आणि फोर बाय फोर!’ मग ताम्हिणी, वरंध, लडाख अशी नावं निघतात. ईएमआय, अप्रेझल आणि हिंजवडीचा ट्रॅफिक जॅम सगळं क्षणभर विसरायला होतं.

मोह पडावा अशीच ही गाडी आहे. जिप्सीची आजची वारसदार जिम्नी जून २०२३ मध्ये आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमतच १२ लाख ७४ हजारांपासून सुरू होत होती. त्यापुढे साडेतीन लाख म्हणजे जवळजवळ फुकटच! पण हा आकडा खरा किती असतो, हे यंदा एका मित्राबरोबर गाड्या बघत हिंडताना मी जवळून पाहिलं. तेच तुमच्यासमोर मांडतेय.

ही बया आहे तरी कोण?

जिप्सी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये. मूळची सुझुकीच्या जिम्नीचीच दुसरी पिढी, फक्त थोडी लांब. सुरुवातीला तिला ९७० सीसीचं छोटं इंजिन होतं. १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ आली आणि १.३ लिटरचं, एस्टीमच्याच कुळातलं इंजिन मिळालं. पुढे २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि ताकद ८० बीएचपीवर गेली. जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची आणि वजन जेमतेम टनभर. चिखलात हे हलकं वजनच तिला तारतं. लष्कर, पोलिस, जंगल सफारी सगळीकडे ती दिसली ती त्यामुळेच. २०१९ मध्ये एबीएससारखे सुरक्षेचे नवे नियम लागू झाले आणि सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली.

म्हणजे आज तुम्हाला मिळेल ती सगळ्यात तरुण जिप्सीसुद्धा काही वर्षं वापरलेलीच असणार. साडेतीन-चार लाखांत मिळणारी तर बहुतेक वेळा पंधरा वर्षांच्या आसपासची. यापुढचं सगळं गणित या एका वाक्याभोवती फिरतं.

फोर बाय फोरचा फंडा

साधी कार दोनच चाकांनी ओढली किंवा ढकलली जाते. ती दोन चाकं चिखलात फिरत राहिली की खेळ खल्लास. फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना ताकद मिळते. जिप्सीत त्यासाठी गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. रोजच्या रस्त्यावर टू-व्हील, घसरड्या वाटेवर ‘फोर हाय’ आणि अगदी खड्या चढाला किंवा रुतल्यावर ‘फोर लो’. फोर लोमध्ये गाडी मुंगीच्या पावलानं पण बैलाच्या जोरानं चालते.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या बसवा. एक, जिप्सीचं फोर बाय फोर ‘पार्ट टाइम’ आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरावर तसं होत नाही आणि सगळा ताण गिअर-शाफ्टवर येतो. म्हणून हायवेवर ‘जरा टाकून बघू’ म्हणत तो दांडा ओढू नका. दोन, फोर बाय फोर गाडीला पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही. ओल्या घाटात उतरताना तुम्ही आणि शेजारचा आल्टोवाला एकाच नावेत असता.

मित्राचं गणित, माझं गणित

माझा हा कॉलेजमधला मित्र आयटीत आहे. त्याचं गाव भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या अलीकडे. घर डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. मध्ये एक ओढा आणि लाल मातीचा चढ. जुलै-ऑगस्टमध्ये त्याची हॅचबॅक शाळेपाशीच उभी राहते आणि तो चिखल तुडवत घरी जातो. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यात आईला ताप चढला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चालता येईना. अँब्युलन्स डांबरीपर्यंतच आली. चार जणांनी खुर्चीत बसवून काकूंना रस्त्यापर्यंत आणलं. ‘चार महिने भोरला खोली घेऊन राहू’ म्हटलं, तर काकूंनी साफ नाही सांगितलं. ‘लावणी कोण बघेल? आणि म्हशी काय खोलीत बांधू?’

त्याच्याकडे साडेचार लाख साठलेले. नवी फोर बाय फोर परवडत नव्हती, कारण फ्लॅटचा हप्ता आहेच.

आता माझं गणित. मलाही जिप्सी हवी होती, खोटं कशाला बोलू! म्हणून एका रविवारी गेल्या वर्षभरातल्या माझ्या ट्रिपा वहीत लिहून काढल्या. एकूण चौदा. त्यातल्या बारा ठिकाणी दारापर्यंत डांबर होतं. एका ठिकाणी साधी कार हळू नेली असती तर चाललं असतं. फोर बाय फोर खरोखर लागली असती अशी ट्रिप एकच. एका दिवसासाठी वर्षभर इन्शुरन्स, पार्किंग आणि गॅरेज? तुम्हीही ही यादी एकदा करून बघा. फार प्रामाणिक आरसा आहे तो.

पाच गाड्या, तीन आठवडे

आम्ही बरोबर घेतलं ते चाचांना. पुण्यात वर्षानुवर्षं जिप्सी दुरुस्त करणारे मिस्त्री. प्रत्येक गाडी बघायचे पाचशे रुपये, आणि एक अट: ‘ताई, मी आधी खाली जाणार. बोनेट तुम्ही नंतर उघडा.’

पहिली गाडी लाल. जाड टायर, टपावर दिव्यांची माळ, मागणी पावणेसहा लाख. अलिबागकडची. चाचांनी खाली सरकून चासीला लावलेल्या ताज्या काळ्या रंगावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला. तो आत गेला! खाऱ्या हवेनं पत्रा पोखरलेला, वरून रंगाचा मेकअप. जिप्सीचं सगळं शरीर या चासीवर उभं असतं. इंजिनचं काम करता येतं, कुजलेल्या चासीला वेल्डिंगच्या ठिगळांनी भरवसा येत नाही.

दुसरी हरियाणा पासिंगची, सव्वादोन लाख. ‘एनओसी मिळून जाईल,’ एजंट म्हणाला. मिळून जाईल म्हणजे आत्ता नाही. पुढे गेलो.

तिसरीचं इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. पण मातीत दांडा टाकला तरी पुढची चाकं नुसती दिखाव्याला. मालकानं पुढचा प्रॉपेलर शाफ्टच काढून ठेवला होता, ‘मायलेज वाढतं म्हणून’. शाफ्ट कुठेय विचारलं, तर भंगारात.

चौथीच्या आरसीवर पेट्रोल लिहिलेलं आणि बोनेटखाली डिझेल इंजिन. मालकाला फार अभिमान. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. पासिंगला गेली की अडकणार. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही हात वर करणार.

पाचवी २००९ ची, पांढरी. पांढरी म्हणजे पूर्वी पांढरी. एका नर्सरीवाल्यानं रोपांची ने-आण करायला वापरलेली. हूड फाटलेलं, सीट उसवलेल्या, एका दाराला कडीऐवजी दोरी. चाचा खाली गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. बाहेर आले ते हसतच. ‘चासी टणाटण आहे. बाकी सगळं मी देतो करून.’

तीन लाख तीस हजारांना सौदा झाला. नंतर चार टायरना बत्तीस हजार. क्लच, ब्रेक, पाट्यांचे बुश, वायरिंग आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप मिळून अडतीस हजार. पाइप बदलायचं कारण, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. म्हणजे ‘फक्त साडेतीन लाख’ची गाडी रस्त्यावर येईपर्यंत चार लाख झाली, तीही साधं हूड ठेवून आणि एसीशिवाय.

कागद आधी, गाडी नंतर

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १० हजार. वर पर्यावरण कर वेगळा. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: ‘आरसीची मुदत कधीपर्यंत?’ मित्राच्या गाडीचं नूतनीकरण आधीच झालं होतं, २०२९ पर्यंत. किमतीत त्याचेही पैसे होते असं समजा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, त्यालाही कारण आहे. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयानं बंदी आणली आणि तिकडच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा एमएच नंबर धरला तर स्वस्ताई बरीच वितळते. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. नंबरावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर चहासुद्धा न पिता निघा.

आणि हे कुणी सांगत नाही

जिप्सीला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. मागच्या सीट बाकासारख्या आडव्या, समोरासमोर. लहान मुलांना तिथे बसवून एक्सप्रेसवेला जायचा विचारही करू नका. चारही बाजूंना पाटे, त्यामुळे खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचतो. मायलेज? भेटलेल्या मालकांनी जरा लाजतच ‘आठ ते दहा’ सांगितलं. दहा धरा, पेट्रोल लिटरला शंभर धरा, तरी तीनशे किलोमीटरचा विकेण्ड तीन हजारांना पडतो.

शिवाय, गाडी कुठेही जाते म्हणून आपण कुठेही जावं असं नाही. अभयारण्यात आणि फुलांच्या पठारांवर चाकं घालणं म्हणजे शुद्ध नासधूस. गोव्याच्या किनाऱ्यावर तर गाडी चालवायला बंदीच आहे. आणि भरतीच्या वाळूत रुतलेली फोर बाय फोर शेवटी गावातला ट्रॅक्टरच बाहेर काढतो!

मग घ्यायची की नाही?

जिप्सी ही तुमची एकमेव गाडी असणार असेल, तर नको. रोज ऑफिसला, आईबाबांना लग्नाला, बाळाला डॉक्टरकडे नेणारी गाडी दुसरी असू दे. त्याच पैशात एअरबॅगवाली चांगली सेकंडहँड हॅचबॅक येते. वर्षातून एक-दोनदा चिखल खेळायचा असेल, तर फोर बाय फोर भाड्यानं घ्या आणि सोमवारी परत करून मोकळे व्हा. मी तेच ठरवलंय.

पण तुमच्या वाटेवर खरंच ओढा असेल, घरात दुसरी गाडी असेल, ओळखीचा मिस्त्री असेल आणि किमतीवर आणखी लाखभर बाजूला काढून ठेवता येत असतील, तर जरूर घ्या. जुन्या बजेटमध्ये इतकी साधी, हलकी आणि गावच्या गॅरेजमध्येही दुरुस्त होणारी दुसरी गाडी शोधून सापडणार नाही.

मित्राच्या जिप्सीनं यंदाचा जुलै काढला. काकू पुढच्या सीटवर बसतात, बेल्ट लावून. पायरी उंच पडते म्हणून मागे एक लाकडी पाट कायम ठेवलेला असतो, तो खाली ठेवून चढतात. तपासणीच्या दोन्ही तारखा पावसातच होत्या, दोन्ही चुकल्या नाहीत. गाडी कशी वाटली विचारलं तर म्हणाल्या, ‘आदळते फार. पण पोचवते.’

खिशात ठेवा

• चासी: खाली वाकून बघा, ताजा काळा रंग दिसला तर दुप्पट संशय घ्या.
• फोर हाय आणि फोर लो: दोन्ही मोकळ्या मातीत चालवून बघा, डांबरावर नाही.
• आरसी: मुदत, इंधन, चासी आणि इंजिन नंबर, बँकेचा बोजा.
• टायर: गुळगुळीत असतील तर फोर बाय फोर असून नसल्यासारखंच.
• सोबत: गाडीच्या प्रेमात न पडलेला एक माणूस. मिस्त्री असेल तर उत्तम.