कुत्र्याची खाज, माणसाच्या गोळ्या

गणपती जाऊन आठवडा झाला होता. ओपीडी उरकत आली असताना एक ओळखीचा रिक्षावाला समोर येऊन बसला. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला तो दर महिन्याला येतो. चिठ्ठी लिहून झाली तरी उठेना. मग हळूच म्हणाला, ‘‘डॉक्टर, खाजेच्या गोळ्यांचं एक पाकीट जास्तीचं लिहाल का? मला नको, घरी मोत्या आहे त्याला.’’

मोत्या म्हणजे चार वर्षांचा गावठी कुत्रा. दुसऱ्या वर्षापासून त्याचं ठरलेलं. पाऊस ओसरू लागला की खाजवायला सुरुवात, ती थेट दिवाळीपर्यंत. शेपटीच्या मुळाशी केस जाऊन कातडी उघडी पडलेली, पंजे चाटून चाटून तांबडे झालेले, रात्रभर पडवीत पाय आपटण्याचा आवाज. आधीच्या दोन वर्षांत शाम्पू, टॉनिक, पावडर, कुणी सांगितलेलं महागडं खाद्य असं सगळं करून झालं होतं. यंदा हप्ते थकलेले. बायको म्हणाली, मिरकरवाड्याला बंदरावर सोडून या, मासळीवर जगेल. ते ऐकून शाळकरी मुलीने जेवण सोडलं होतं.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याला औषध लिहिण्याचा मला अधिकार नाही, तेवढं ज्ञानही नाही. पण त्याला मी पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली. घोट्याभोवती तीन-तीन, चार-चारच्या पुंजक्यात लाल ठिपके होते, मधोमध टोचल्याची खूण. डास असे चावत नाहीत. पिसवा चावतात, आणि त्या जमिनीवरून उडी मारत असल्याने बहुधा गुडघ्याखालीच. मोत्याच्या निम्म्या आजाराचं निदान मालकाच्या पायावर होतं.

माणसाची अ‍ॅलर्जी नाकात आणि छातीत दिसते, कुत्र्याची मुख्यतः कातडीवर. आपल्याला शिंका येतात, तो खाजवतो. पंजे, कान, काखा, जांघा, तोंडाभोवतीचा भाग या त्याच्या ठरलेल्या जागा. १९४१ साली अमेरिकेत फ्रेड विटिच या डॉक्टरांनी एका कुत्र्याचा हंगामी अ‍ॅलर्जीचा आजार वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. ते पशुवैद्य नव्हते, माणसांच्या अ‍ॅलर्जीचे डॉक्टर होते. त्यामुळे हा लेख लिहिताना मला थोडा धीर आहे.

अशी जन्मजात प्रवृत्ती असलेल्या कुत्र्यात त्रास साधारण सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. आपल्याकडे त्याला खाद्य मिळतं ते हवेतून. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घरातल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे कीटक हवेतल्या ओलाव्यावरच जगतात. भिंतींना बुरशी येते. पाऊस कमी होताच कातळावरचं, बांधावरचं गवत फुलतं आणि त्याचे पराग उडू लागतात. नेमक्या याच उबदार दमट दिवसांत पिसवा सर्वाधिक माजतात. म्हणून ‘हंगामी अ‍ॅलर्जी’ म्हणून दाखवायला आणलेल्या कुत्र्यात बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. खाजेला एक मर्यादा असते असं समजा. पराग आणि धूळ मिळून कुत्रा त्या मर्यादेच्या अलीकडे राहतो, पिसवांची भर पडली की तो ती ओलांडतो. परागांचं आपण काही करू शकत नाही. पिसवांचं करू शकतो, आणि तेही परवडणाऱ्या खर्चात.

पिसवा आहेत का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बारीक दातांची फणी (उवांची चालते) कुत्र्याच्या कमरेवरून शेपटीकडे फिरवायची, निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायचा. दोन मिनिटांत त्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एकही पिसू दिसली नाही तरी हा पुरावा पुरेसा आहे. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे, त्याला थोडेसे चावेही अनेक दिवस खाजवायला पुरतात.

इथे पैसे वाया जाण्याची एक मोठी जागा आहे. मादी पिसू दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती केसांतून घरंगळून खाली पडतात. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास. बाकी अंडी, अळ्या, कोश हे सगळं गोणपाटात, चिऱ्याच्या फटींत, लाकडं रचलेल्या कोपऱ्यात, पडवीच्या कडेला. नुसतं कुत्र्याला धुऊन भागत नाही ते यामुळे. त्याचं अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायचं (पावसाळ्यात ऊन कुठलं?), जुनं गोणपाट जाळून टाकायचं, कोपरे रोज झाडून केर बाहेर लांब फेकायचा. कुत्र्याला वजनानुसार मानेवर घालायचं किंवा पोटात द्यायचं पिसवांचं औषध पशुवैद्यकाकडून घ्यायचं आणि सलग तीन महिने तरी चालू ठेवायचं. कोशातल्या पिसवा नंतर बाहेर येत राहतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात ‘औषध चाललं नाही’ असं वाटणं साहजिक आहे. घरात मांजर असेल तर तिच्यावरही उपचार हवेत, पण कुत्र्याचं औषध तिला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं.

रिक्षावाल्याला मी हे सगळं सांगितलं आणि गोळ्यांचं पाकीट लिहिलं नाही. त्याचा चेहरा पडला. कारण विचारलं तेव्हा मी त्याला आमच्या घरातली गोष्ट सांगितली.

आमच्या लॅब्राडॉर कुत्रीच्या पोटावर एकदा लाल चट्टे उठले. मी पंचवीस वर्षांचा अनुभवी डॉक्टर. कपाटातली खाज, बुरशी आणि जंतू या तिन्हींवर चालते म्हणून विकली जाणारी ट्यूब रोज दोनदा लावू लागलो. असल्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं. माणसांना ती चोळू नका म्हणून मी ओपीडीत रोज ओरडतो. कुत्री ती चाटत होती. दहा दिवसांत ती बादलीभर पाणी पिऊ लागली, घरात लघवी करू लागली. पशुवैद्यक मित्राने तपासलं तर चट्टे लुतेचे निघाले. स्टेरॉइडने मी लुतेच्या किड्यांना मोकळं रान दिलं होतं. दरम्यान आमच्या सौ.च्या हातांवर आणि पोटावर बारीक पुरळ उठलं होतं, तेही मला उष्णतेचं वाटलं होतं! कुत्र्याच्या लुतेचे किडे माणसाच्या कातडीत फार दिवस टिकत नाहीत, कुत्रा बरा झाला की पुरळ जातं. पण कुत्रा खाजवतो आणि घरातल्यांनाही खाज सुटली आहे, असं असेल तर दोघांच्याही डॉक्टरांना सांगा.

माणसांच्या गोळ्यांचं सगळ्यात वाईट म्हणजे नावं सारखी वाटतात. सेट्रिझिन पशुवैद्यकही देतात, मात्र वजन बघून. आणि खरं सांगायचं तर थोड्याच कुत्र्यांना त्याचा पुरेसा उपयोग होतो. पण दुकानात ‘सर्दी-खाजेची गोळी’ मागितली तर हातात पडते ती सेट्रिझिन, पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं औषध एकत्र असलेली. पॅरासिटामॉल कुत्र्याचं यकृत खराब करू शकतं. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बंद पडतात. काही गोड सिरपमध्ये झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याची साखर एकदम खाली जाते. रॉकेल, फिनेल, कापूर घातलेलं तेल हे घरगुती उपायही मी पाहिले आहेत. कुत्रा जे अंगावर लावाल ते चाटणार, हे धरूनच चालायचं.

मग थोडक्या पैशांत करायचं काय? मला विचाराल तर पहिला खर्च सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या केसपेपरचा. तो नाममात्र असतो. गाई-म्हशींसाठीच तो दवाखाना असतो हा गैरसमज आहे, कुत्री-मांजरंही तिथे तपासतात. कातडी खरवडून काचेवर पाहिली की लूत आहे का हे बऱ्याचदा तिथल्या तिथे समजतं. एखाद्या नमुन्यात ती सापडत नाही, तरी शंका असेल तर उपचार करून पाहतात. कातडी तेलकट, काळसर होऊन कुबट वास मारत असेल तर बुरशी किंवा जंतूंची लागण झालेली असते. ती आवरल्याशिवाय खाजेची कुठलीही गोळी चालत नाही. जाताच आहात तर रेबीजची लसही देऊन घ्या.

दुसरं, पाणी. फिरून आल्यावर पडवीत ठेवलेल्या बादलीत चारही पंजे आणि पोटाखालचा भाग साध्या पाण्याने धुवायचा, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करायच्या. पराग तिथेच चिकटतात. हंगामात आठवड्यातून एकदा आंघोळ. औषधी शाम्पू दिला असेल तर फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा. लगेच धुतला तर पैसे गटारात. आपला साबण नको, कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते. कानात पाणी जाऊ देऊ नका.

महागड्या ‘अ‍ॅलर्जी’ खाद्याच्या पिशव्या घेण्याआधी एक प्रश्न विचारा: खाज वर्षभर आहे की ठरावीक महिन्यांत? अन्नाची अ‍ॅलर्जी पंचांग बघत नाही. दरवर्षी सप्टेंबरात येऊन डिसेंबरात जाणाऱ्या खाजेचा दोष भाताला किंवा कोंबडीला देण्यात बहुधा अर्थ नसतो. उलट माशाच्या तेलातली मेदाम्लं कातडीला थोडा हातभार लावतात. तारली स्वस्त असेल तेव्हा मीठमसाला न घालता उकडून, काटे काढून भातात कालवावी. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे सुरुवात हंगामाच्या आधीच.

इतकं करूनही कुत्रा झोपू देत नसेल तर पशुवैद्यक प्रेडनिसोलोन देतात. स्वस्त, हमखास गुण देणारं आणि म्हणूनच गैरवापर होणारं औषध. थोडे दिवस, उतरत्या मात्रेत, पिसवा-लूत-जंतू यांचा बंदोबस्त केल्यावर, असं ते वापरलं तर गरिबाच्या कुत्र्याला मोठा आधार आहे. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओक्लासिटिनिब दीर्घकाळ वापरायला अधिक सोयीचं, पण महिनोन्महिने ते परवडणारी घरं थोडी. माझा आक्षेप आहे तो ‘एक सुई मारा, महिनाभर शांत’ या लांब पल्ल्याच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाला. गोळी त्रास देऊ लागली तर कमी करता येते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. आणि पशुवैद्यकाने प्रेडनिसोलोन किंवा सेट्रिझिन लिहून दिलं तर जनऔषधी केंद्रात विचारा. औषध तेच असतं, किंमत कमी.

मोत्याची तपासणी झाली. पिसवा होत्याच, पंज्यांत बुरशीही होती. औषधं, शाम्पू, पाच दिवसांच्या गोळ्या. ऑक्टोबरात रिक्षावाला आला तेव्हा खाज निम्म्यावर आली होती, गेली नव्हती. ही प्रवृत्ती जन्मभर राहणार हे त्याला पशुवैद्यकाने सांगितलं होतं. मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मोत्या रात्री किती वेळा उठला हे पेन्सिलीने मांडायला सुरुवात केली होती. पशुवैद्यकाला ती पानं कुठल्याही तपासणीइतकी उपयोगी पडली असं तो अभिमानाने सांगत होता.

यंदा ऑगस्टमध्ये तो रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला. ‘‘मोत्याचं पिसवांचं औषध जुलैतच सुरू केलं,’’ म्हणाला, आणि मी न सांगताच पँट गुडघ्यापर्यंत वर केली.