जुन्या टाकीचे अस्तर: समजुती आणि वस्तुस्थिती

ज्या घरांत जमिनीच्या दस्तऐवजांशेजारी वडिलांच्या मोटारसायकलचे नोंदणीपुस्तकही त्याच पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असते, अशी घरे लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आजही पुष्कळ आढळतात. आणि मद्रासच्या एन्फील्ड इंडियाची बुलेट, एस्कॉर्ट्सची राजदूत किंवा म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी यांपैकी एखादे वाहन, वर्षानुवर्षे शेडमध्ये धूळ खात उभे राहिल्यानंतर, नव्या पिढीच्या हौसेने पुन्हा रस्त्यावर आणले जाते तेव्हा जी पहिली तक्रार गॅरेजात दाखल होते ती बहुधा इंजिनाची नसून पेट्रोलच्या टाकीची असते. गाडी लातूरच्या रस्त्याला लागते, दोन-चार किलोमीटर नीट चालते, मग आचके देत बंद पडते. कार्ब्युरेटर उघडून पाहावा तर जेटच्या छिद्रात पांढुरक्या किंवा तांबूस पापुद्र्याचा कण अडकलेला आणि फ्लोटच्या वाटीत बोटाला चिकटणारा गाळ साचलेला असतो. कारागीर जेट फुंकून देतो, गाडी सुरू होते, आणि आठवडा उलटण्यापूर्वी तोच मामला पुन्हा उभा राहतो. कारण दोष कार्ब्युरेटरचा नसून, टाकीला पूर्वी कोणी तरी आतून ‘कोटिंग मारलेले’ असते आणि ते अस्तर आता पत्रा सोडू लागलेले असते.

या अस्तराविषयी जितक्या ठाम समजुती प्रचलित आहेत तितकी खातरजमा मात्र क्वचितच कोणी करून घेतो. पहिली समजूत अशी की हे अस्तर कंपनीनेच घातलेले असते आणि ते काढणे म्हणजे टाकीचे अस्सलपण घालविणे होय. वस्तुतः त्या काळातील बहुतेक टाक्या साध्या पोलादी पत्र्याच्या असत. काहींच्या पत्र्यावर गंज रोखण्यासाठी शिसे-कथलाचा अतिशय पातळ मुलामा असे, परंतु राळेचे जाड, सोलून निघणारे अस्तर हे जवळजवळ नेहमीच नंतरच्या दुरुस्तीचे काम असते. टाकी पाझरू लागली, जोडावर एम-सील दाबूनही थेंब थांबेना, तेव्हा कोणी इपॉक्सी, कोणी फायबरकामाची पॉलिएस्टर राळ, तर कोणी परदेशातून मागविलेले तयार द्रव्य आत ओतून टाकी गोल फिरविली, आणि गळती त्या वेळेपुरती थांबली. तेव्हा अस्तर काढल्याने मूळ काहीही नष्ट होत नाही. उलट, दडून राहिलेला मूळ पत्रा प्रथमच डोळ्यांसमोर येतो.

दुसरी समजूत अधिक व्यापक असून तिच्यात सत्याचा अंश असल्यामुळेच ती अधिक दिशाभूल करणारी आहे. ‘हल्लीच्या पेट्रोलातील एथॅनॉलने अस्तर खाल्ले’ हा निकाल आता गॅरेजात चौकशीपूर्वीच सुनावला जातो. पेट्रोलमध्ये एथॅनॉल मिसळण्याचा शासकीय कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झाला, जून २०२२ मध्ये देशात सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ साली ते प्रमाण देशभर रूढ झाले. ज्या राळा केवळ शुद्ध पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून निवडलेल्या होत्या त्यांतील अनेकांना मद्यार्क सोसत नाही. त्या फुगतात, मऊ पडतात, त्यांची पत्र्यावरची पकड सुटते. अमेरिकेतही या शतकाच्या पहिल्या दशकात, पेट्रोलातील पूर्वीच्या एका मिश्रणाची जागा एथॅनॉलने घेतली तेव्हा, फायबरच्या टाक्या असलेल्या जुन्या नौकांना हाच अनुभव आला आणि विरघळलेली राळ थेट इंजिनांत गेली. ऊस पिकविणाऱ्या आणि किल्लारी व बेलकुंड येथे साखर कारखाने असलेल्या औसा तालुक्यात या योगायोगाकडे थोड्या विनोदानेही पाहता येईल, कारण शेतात उभे राहिलेले पीकच मद्यार्काच्या रूपाने शेडमधल्या बुलेटच्या टाकीत परत येते.

परंतु एथॅनॉल हा साथीदार आहे, मुख्य आरोपी नव्हे. त्याच पेट्रोलवर चालणाऱ्या दोन टाक्यांपैकी एकीचे अस्तर शाबूत आणि दुसरीचे सुटलेले असे वारंवार दिसते, आणि त्या फरकाचे कारण अस्तराच्या वर नसून खाली असते. गंज न काढता, तेलकटपणा न धुता, ओल पुरती न वाळविता ओतलेली राळ पत्र्याला कधी चिकटलेलीच नसते. लोणा लागलेल्या भिंतीवर दिलेल्या चुन्याप्रमाणे ती केवळ स्वतःच्या आधाराने उभी असते. राजदूत आणि येझदी यांच्या टाक्यांत हा दोष विशेष आढळतो, कारण या दोन-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर तेलही टाकीतच मिसळले जात असे आणि त्या तेलाचा थर पत्र्याच्या रंध्रारंध्रांत मुरलेला असतो. तो पेट्रोलने खळबळून जात नाही, त्यासाठी सोड्याच्या वा साबणाच्या गरम पाण्याने पुनःपुन्हा धुणे लागते, आणि घाईच्या कामात नेमके तेच टाळले जाते. शिवाय एथॅनॉल हवेतील आर्द्रता ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व मद्यार्क मिळून पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसतात. उभ्या राहिलेल्या गाडीत अस्तर नेहमी तळाकडूनच का सुटते, याचा उलगडा येथे होतो.

सुटलेल्या अस्तरावर नवा थर देऊन ते ‘बांधून टाकावे’ असा सल्ला स्वस्त असल्याने लोकप्रिय आहे. खालचा थर हलत असताना वरचा थर त्याच्यासह हलणार, ही गोष्ट सांगण्यासाठी शास्त्राची आवश्यकता नाही. येथे इतकेच जोडतो की दोन थरांमध्ये अडकलेले पेट्रोल पुढे फोड निर्माण करते आणि अशी दुहेरी टाकी साफ करण्याचे काम दुपटीहून अधिक कष्टाचे होते.

आता काढावयाचे ठरले तर कशाने? येथे ‘थिनर ओतला की सारे निघते’ ही समजूत आडवी येते. रॉकेलने किंवा डिझेलने कोणतेही पक्के झालेले अस्तर निघत नाही. रंगकामाचा थिनर काहींना मऊ करतो. अ‍ॅसिटोन हे रबरासारख्या लवचीक, द्रावकात विरघळवून बनविलेल्या अस्तरांना पूर्णपणे सोडविते, परंतु दोन भाग मिसळून पक्क्या होणाऱ्या इपॉक्सीपुढे ते जवळजवळ निष्प्रभ ठरते. म्हणून द्रावक विकत घेण्यापूर्वी अस्तराची जात ओळखणे हे पहिले काम होय, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची नव्हे, झाकणाच्या एका काचेच्या बरणीची गरज असते. टाकीच्या तोंडाशी सुटलेला नखाएवढा पापुद्रा चिमट्याने ओढून घ्यावा, तो बुडेल इतके अ‍ॅसिटोन बरणीत ओतून झाकण लावावे आणि बरणी रात्रभर सावलीत, चुलीपासून व देवघरातील दिव्यापासून दूर ठेवावी. सकाळी पापुद्रा ओढला असता ताणला जात असेल किंवा तळाशी लगदा झाला असेल तर त्याच द्रावकाने टाकीही साफ होईल. तो पूर्वीसारखाच कडक राहून काडकन मोडत असेल तर तो इपॉक्सीचा आहे असे समजून पुढची तजवीज करावी.

अ‍ॅसिटोन वापरतानाही टाकी काठोकाठ भरण्याची आवश्यकता नसते. बुलेटच्या मोठ्या टाकीलाही एक-दीड लिटर पुरते, मात्र ती दर काही तासांनी कूस बदलून ठेवावी लागते, कारण चासीवर बसण्यासाठी टाकीच्या पोटातून जी खोबण गेलेली असते तिच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांतच अस्तर सर्वांत जाड साचलेले असते. पेट्रोल कॉक आधी काढून त्या जागी धातूच्या वायसरसह बोल्ट बसवावा. कॉकचे रबरी वायसर अ‍ॅसिटोनमध्ये फुगून निकामी होण्याचा संभव असतो. बाहेरच्या रंगावर एक थेंब ओघळला तरी डाग कायमचा राहतो, म्हणून तोंडाभोवती पॉलिथीन घट्ट बांधणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते आणि मे महिन्यात उन्हात ठेवलेला पत्रा त्या तापमानाच्या आसपास सहज जातो. तेव्हा बंद टाकी उन्हात ठेवणे म्हणजे आत दाब साठविणे होय.

इपॉक्सीसाठी बाजारात जे जहाल पेंट रिमूव्हर मिळतात त्यांपैकी अनेकांत मिथिलीन क्लोराइड असते. ते प्रभावी आहे यात शंका नाही, परंतु ‘वास आला की बाजूला झाले म्हणजे पुरे’ हा समज प्राणघातक ठरू शकतो. हे द्रव्य सुमारे चाळीस अंशांना उकळते, म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते बाटलीबाहेर येताच वाफ होऊ लागते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचते, आणि श्वासावाटे शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यास २०१९ साली मनाई करण्यात आली, ती मृत्यू घडल्यानंतरच. ज्याला हे वापरावयाचे असेल त्याने ते उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, योग्य हातमोजे घालून आणि कोणी तरी सोबत असताना वापरावे. शेडचे दार ओढून एकट्याने कधीही नाही.

सर्वांत धोकादायक समजूत मात्र अग्नीविषयीची आहे. ‘टाकी रिकामी आहे, आठ दिवस उघडी होती, आता गॅसच्या ज्वाळेने आतले जाळून टाकू’ असे म्हणणारे कारागीर आहेत आणि त्यांतील काहींच्या बाबतीत दैव आजवर अनुकूल राहिले आहे, एवढेच. पेट्रोलच्या वाफेचे हवेतील प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असते तेव्हाच ती स्फोटक होते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ठिणगी तेथे सहसा निष्फळ ठरते, आणि रिकाम्या म्हटल्या जाणाऱ्या टाकीत नेमके ते घातक प्रमाण जुळून येते. अस्तर सुटत असलेली टाकी तर याहून फसवी, कारण पापुद्र्यांखालच्या फोडांत पेट्रोल महिनोन्‌महिने कोंडून राहते. वास येत नाही, पाण्याने धुतले तरी ते निघत नाही, आणि ज्वाळेची ऊब लागताच ते एकदम वाफ होऊन बाहेर पडते. वेल्डिंगपूर्वी टाकी पाण्याने भरून घेण्याची चाल उपयुक्त आहे, पण ती अस्तर पूर्णपणे काढल्यानंतरची खबरदारी होय, अस्तर काढण्याची रीत नव्हे. याखेरीज कथलाने जोडलेल्या जुन्या दुरुस्त्या उष्णतेने उकलतात आणि एका भोकाच्या जागी चार होतात, हा तोटा वेगळाच.

मऊ झालेले अस्तर खरवडण्यासाठी टाकीत खडी घालून हलविण्याची रीत सर्वत्र आढळते. ती अगदी चुकीची नाही, परंतु खडीचा चुरा कोपऱ्यांत अडकतो. त्यापेक्षा जुन्या चेनचा तुकडा तारेला बांधून आत सोडावा, तो घासतोही चांगला आणि ओढून बाहेरही येतो. नट घालावयाचे असतील तर आधी मोजून घालावेत. राहिलेल्या गंजासाठी संडास धुण्याचे अ‍ॅसिड वापरणे हा मात्र अविचार आहे: ते गंजाबरोबर पत्राही खाते, क्रोमचा मुलामा काळवंडवते आणि धुतल्यानंतर तासाभरात नवा तांबूस गंज उमटविते. लिंबूसत्वाचे कोमट द्रावण एक-दोन दिवस ठेवले तर तेच काम सावकाश, पण सौम्यपणे होते. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारावी आणि शेवटचे खळबळणे बोअरच्या जड पाण्याने न करता बॅटरीत भरण्यासाठी मिळणाऱ्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याने करावे. मग वेळ न दवडता गरम हवेने टाकी कोरडी करून आत थोडे तेल फिरवावे.

साफ केलेल्या टाकीला पुन्हा अस्तर दिलेच पाहिजे, ही शेवटची समजूत. टाकी उजेडासमोर धरून आत अंधार करून पाहावे, मग रॉकेल भरून एक रात्र कोरड्या कागदावर ठेवावी. कोठेही टिपका उमटला नाही तर त्या पत्र्याला अस्तराची काहीही गरज नाही, आणि भरलेली टाकी, चांगला फिल्टर व पावसाळ्यापूर्वी तळाचा निचरा एवढ्यावर ती पुढची अनेक वर्षे काढते. जेथे पत्रा खरोखरच चाळणीसारखा झाला असेल तेथे जाणत्या कारागिराकडून तुकडा बदलून घ्यावा, आणि त्यानंतरही अस्तर हवेच असेल तर एथॅनॉल सोसणारे असल्याचे डब्यावर स्पष्ट लिहिलेलेच निवडावे. 

वापरलेले अ‍ॅसिटोन, रिमूव्हरचा लगदा आणि सुटलेले पापुद्रे गटारात किंवा विहिरीच्या वाटेवरील ओघळीत ओतू नयेत. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, तेथे एका टाकीसाठी कोणाचेही बोअर बिघडविण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो गाळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवावा आणि रसायनांची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्यांकडेच द्यावा.