थंडीतली वाद्ये : खोली तापवू नका, हवा सांभाळा



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. वसंत पंचमीच्या सरस्वतीपूजनासाठी संगीतखोलीतला जुना तंबोरा सकाळी साडेसहाला सभागृहात आणला. तो बर्फासारखा गार लागत होता, म्हणून कोणीतरी विजेच्या हीटरसमोर उभा केला. पाऊण तासात ‘कट्’ असा आवाज झाला आणि भोपळा व तबलीच्या सांध्यापाशी बोटभर फट पडली. तो ‘कोणीतरी’ म्हणजे मीच. त्या दिवशी वंदना नुसत्या पेटीवर झाली.

आता संगीतखोलीत हीटर बसवावा, अशी सूचना पालकसभेत आली आहे. सूचना प्रेमापोटी आहे, पण वाद्यांना तिचा उपयोग किती, हे समजून घेऊ.

ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली जातो. नुसत्या गारठ्याने लाकूड सहसा तडकत नाही. ते तडकते ओलावा एकदम कमी-जास्त झाल्याने. लाकूड दमट हवेत पाणी शोषून फुगते, कोरड्या हवेत आकसते. तेही लांबीपेक्षा रुंदीत जास्त. भोपळा, तबली आणि गळा एकसारखे आकसत नाहीत. मग ताण सांध्यावर येतो.

आता हीटर काय करतो ते पाहा. ८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ८ ग्रॅम बाष्प मावते, २४ अंशांना जवळपास २२ ग्रॅम. धुक्याने भिजलेली तीच हवा तापवली की बाष्प तेवढेच राहते, पण आर्द्रता १०० टक्क्यांवरून ४० च्याही खाली येते. अशी हवा लाकडातले पाणी ओढून घेते. रात्री हीटर बंद केला की पुन्हा उलटे. रोजची ही ओढाताण गारठ्यापेक्षा वाईट.

तेव्हा पुढील गोष्टी पाळू या :

१. वाद्ये बाहेरच्या भिंतीला व खिडकीला लागून ठेवू नयेत. आतल्या भिंतीशी, जमिनीपासून चार-पाच इंच उंच फळीवर ठेवावीत.

२. सुती गवसणी घालावी. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते.

३. गार वाद्य उबदार खोलीत आणल्यावर तास-दीड तास गवसणी काढू नये. नाहीतर तारांवर आणि पेटीच्या पितळी स्वरपट्ट्यांवर दव धरते व गंज चढतो.

४. नाताळच्या सुट्टीआधी तंबोऱ्याच्या तारा थोड्या उतरवाव्यात. पूर्ण सैल करू नयेत.

५. दमट हवेत तबल्याची पुडी सैलावून सूर उतरतो. तो शेगडीवर किंवा उन्हात धरू नये; शाई तडकते. हातोडीने जुळवून घ्यावा.

६. पेटीचा भाता बंद करून ठेवावा. भात्याला उंदीर-कसर लागली आहे का, हे आठवड्यातून एकदा पाहावे.

मा. विश्वस्तांना विनंती, की हीटरऐवजी आतल्या भिंतीशी एक लाकडी कपाट आणि आर्द्रतामापक द्यावा. काटा ४५ ते ६० टक्क्यांत राहिला की पुरे. काट्याची वही इयत्ता आठवीची मुले रोज लिहितील.

आपला तंबोरा मिरजेचा. तिथल्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, लाकूड तुणीचे. एवढ्या लांबून येऊन त्याने शाळेच्या कित्येक पिढ्यांना ‘सा’ लावून दिला. सांधा आता जुळला आहे, पण खूण राहिली. तिच्यावरून बोट फिरवून पाहा, आणि पुढच्या थंडीत माझी चूक तुम्ही करू नका.

— संगीत शिक्षक