शेतकरी आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र'? हे ठरतं कसं आणि संशोधन काय सांगतं

यवतमाळ जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेला लागून झरी जामणी तालुका आहे. मुकुटबन त्यातलंच एक मोठं गाव. सगळा पट्टा कापसाचा. इथे एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की काही दिवसांनी त्या घरात एक सरकारी शब्द येऊन पोहोचतो. 'पात्र' किंवा 'अपात्र'.

मृत्यू पात्र-अपात्र कसा असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. तर हा शब्द येतो 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयातून. मदत 1 लाख रुपयांची. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. अट अशी की कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते नापिकीमुळे थकलेलं हवं आणि वसुलीचा तगादा असायला हवा.

आता ही अट गावात नेऊन बघा. बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, लग्नाला पैसे नातेवाइकाकडून, दवाखान्याला विनापरवाना सावकाराकडून. हे कर्ज कुठल्या कागदावर दाखवणार? जो मक्त्याने किंवा बटईने शेती करतो, त्याच्या नावावर तर सातबाराही नाही आणि पीककर्जही नाही.

कागदाबाहेरचं बघण्याचं काम संशोधकांनी केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2005 मध्ये अहवाल दिला. पुढच्या वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अभ्यास आला. त्यांनी काढलेला आकडा आजही अंगावर येतो: राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांमध्ये दर लाखामागे आत्महत्या 1995 मध्ये 15 होत्या, 2004 मध्ये 57.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. वर्धा, वाशिम आणि यवतमाळमध्ये त्यांनी आत्महत्या झालेली घरं तर पाहिलीच, शिवाय त्याच भागातली आत्महत्या न झालेली घरंही पाहिली. कर्ज तर सगळ्यांवरच असतं, मग फरक कुठे पडतो? आत्महत्या झालेल्या घरांवर सरासरी कर्ज जास्त होतं आणि बैल कमी होते. शिवाय कारण एकटं नव्हतं. कर्ज, खालावलेली परिस्थिती, बुडालेलं पीक, घरातले ताण हे एकाच घरात एकत्र सापडत होते. सरकारी तपासणी मात्र एक ठरावीक कारण शोधते. घरात भांडण झालं होतं असं कळलं, की कर्जाचा मुद्दा बाजूला पडायला वेळ लागत नाही. माझ्या मते गडबड इथेच आहे.

आणि मागे राहिलेल्या बाईचं काय? महिला किसान अधिकार मंच अर्थात 'मकाम'ने विदर्भ-मराठवाड्यातल्या 505 महिलांचं सर्वेक्षण 2018 मध्ये मांडलं. नवरा कसत असलेल्या जमिनीवर त्यातल्या 40 टक्के महिलांचा हक्क लागलेला नव्हता. म्हणजे शेत तीच कसणार, पण कर्ज मागायला गेली की पुन्हा तोच सातबाऱ्याचा प्रश्न.

या पाठपुराव्यानंतर 18 जून 2019 रोजी शासनाने अशा महिलांसाठी स्वतंत्र निर्णय काढला. वारस नोंद आणि योजनांमध्ये त्यांना प्राधान्य द्यावं, असं त्यात आहे. तुमच्या गावात असं घर असेल, तर या तारखेचा शासन निर्णय घेऊन तलाठी कार्यालयात जाता येतं.

(मनावर ताण असेल तर 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.)