नाण्यावर चालणाऱ्या फोनोग्राफच्या सुट्या भागांची ओळख

नाण्यावर चालणारा फोनोग्राफ हे ठरावीक नाणे टाकल्यावर ध्वनिमुद्रण ऐकवणारे यंत्र होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही यंत्रे प्रचारात आली. आज ती संग्रहालयांत व खासगी संग्रहांत जतन केलेली आढळतात. त्यांचा हरवलेला किंवा झिजलेला भाग बदलताना योग्य भाग ओळखणे महत्त्वाचे असते. चुकीच्या भागामुळे यंत्र तर अडतेच, पण त्यावर वाजवलेली मेणाची ध्वनिमुद्रिकाही कायमची खरवडली जाऊ शकते. तिची दुसरी प्रत बहुधा उपलब्ध नसते.

पार्श्वभूमी

थॉमस एडिसन याने १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील पॅले रॉयाल या मद्यालयात लुई ग्लास याने नाण्यावर चालणारा पहिला फोनोग्राफ बसवला. मूळ यंत्र एडिसनचा विद्युतघटांवर चालणारा ‘क्लास एम’ फोनोग्राफ होता. ग्लासने त्याला कानाशी धरून ऐकण्याच्या चार नळ्या जोडल्या व प्रत्येक नळीसाठी नाणे टाकण्याची वेगळी फट ठेवली.

सुट्या भागांच्या ओळखीतील बहुतेक गोंधळाचे मूळ या पहिल्या यंत्रातच दिसते. फोनोग्राफ एकाचा आणि नाण्याची जोडणी दुसऱ्याची, अशी ही रचना होती. पुढे ‘ऑटोमॅटिक फोनोग्राफ एक्झिबिशन कंपनी’सारख्या संस्थांनी अशाच जोडण्या तयार केल्या. कोलंबियाचे ‘बीएस’ हे यंत्रही त्याच कंपनीच्या ‘ईगल’ या घरगुती ग्राफोफोनवर आधारलेले होते. त्यामुळे पेटीवरील नामपट्टीवरून आतील प्रत्येक भागाचा निर्माता ठरवणे धोक्याचे ठरते. पट्टीवर कोरलेल्या पेटंटच्या तारखाही निर्मितीचे वर्ष दाखवत नाहीत. त्यांतील शेवटच्या तारखेपूर्वी ती पट्टी तयार झालेली नाही, एवढेच त्यांवरून कळते.

मुद्रिकेवरून निश्चिती

भाग शोधण्यापूर्वी ते यंत्र कोणत्या प्रकारच्या दंडगोल मुद्रिकेसाठी, म्हणजे सिलिंडरसाठी, बनवले आहे हे ठरवावे लागते. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर एका इंचात १०० खाचा असतात. एडिसनने १९०८ मध्ये आणलेल्या चार मिनिटांच्या ‘ॲम्बेरॉल’ सिलिंडरवर त्या २०० असतात. सिलिंडरच्या एका फेऱ्यात साउंडबॉक्स नेमका एका खाचेइतका पुढे सरकला पाहिजे. हे काम फीड स्क्रूचे आटे आणि त्याला जोडलेली दातेरी चाके करतात.

केवळ आटे मोजून निष्कर्ष काढल्यास मधल्या चाकांचे प्रमाण विसरले जाते. त्यापेक्षा सिलिंडर न चढवता, साउंडबॉक्स उचललेल्या स्थितीत त्याचा सरकता आधार फीड स्क्रूशी जोडलेला ठेवून, सिलिंडर धरणारा दंड हाताने ५० वेळा फिरवावा आणि आधार किती सरकला ते मोजावे. हे अंतर १२.७ मिलिमीटर भरल्यास यंत्र दोन मिनिटांच्या आणि ६.३५ मिलिमीटर भरल्यास चार मिनिटांच्या मुद्रिकेसाठी जुळवलेले असते. अर्थात नंतरच्या दुरुस्तीत चाके बदललेली असू शकतात, म्हणून ही चाचणी यंत्राची सद्यःस्थिती सांगते, त्याचा इतिहास नव्हे.

साउंडबॉक्स आणि सुई

सर्वाधिक नुकसान येथेच होते. एडिसनचा ‘मॉडेल सी’ दोन मिनिटांच्या, तर ‘मॉडेल एच’ चार मिनिटांच्या मेणाच्या सिलिंडरसाठी आहे. दोन्ही बाहेरून सारखे दिसतात व एकाच कड्यात बसतात, परंतु त्यांच्या नीलमण्याच्या सुयांचा आकार भिन्न असतो. ‘सी’ची जाड सुई अरुंद खाचांवर ठेवल्यास ती शेजारच्या खाचाही घासते. १८९० च्या दशकातील तपकिरी मेण आणखी मऊ असते. त्यासाठी नंतरच्या कठीण काळ्या मेणाकरिता बनवलेला ‘सी’ वापरणेही टाळावे आणि जुना ‘ऑटोमॅटिक’ प्रकारचा साउंडबॉक्स शोधावा. सेल्युलॉइडच्या ‘ब्लू ॲम्बेरॉल’साठी १९१२ पासून आलेली हिऱ्याची सुई मेणावर कधीही लावू नये. एखादा साउंडबॉक्स कड्यात सहज बसला, म्हणजे तो योग्य आहे असे होत नाही.

नाण्याचा मार्ग

नाण्याची फट, घसरण आणि तोल सांभाळणारी तरफ ही विशिष्ट नाण्याच्या व्यासाला व वजनाला अनुसरून घडवलेली असते. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे २१.२ मिलिमीटर व्यासाचे व ५ ग्रॅम वजनाचे, तर ब्रिटिश पेनी ३०.८ मिलिमीटर व्यासाची व सुमारे ९.४ ग्रॅम वजनाची होती. पेनीसाठी तोललेली तरफ अमेरिकी यंत्रात बसवली, तर हलक्या नाण्याने ती हलणारच नाही. मूळ घसरण हरवली असल्यास लाकडातील रिकामी स्क्रूची छिद्रे, न झिजलेल्या मुलाम्याचे ठसे आणि नाण्यांच्या घर्षणाने उमटलेल्या रेषा यांवरून तिची जागा व रुंदी ठरवता येते. पेटीला नव्याने पॉलिश केल्यास हा पुरावा पुसला जातो, म्हणून मोजमापे व छायाचित्रे आधी घ्यावीत.

नव्याने घडवलेले भाग

मूळ भागावरून साचा घेऊन ओतलेला पितळी भाग थंड होताना सुमारे दीड टक्का आकुंचन पावतो. कॅलिपरने मोजल्यास नक्कल बहुधा येथेच उघडी पडते. अमेरिकी यंत्रांचे आटे इंचाच्या मापाचे असतात, त्यामुळे जोर लावून बसवलेला मेट्रिक स्क्रू मूळ छिद्रातील आटे मोडतो. कातडी पट्टा मात्र नवा घालण्यास हरकत नसते. त्याचा सांधा तासून पातळ केलेला असावा, अन्यथा सांधा कप्पीवरून जाताना दरवेळी स्वर हेलकावतो. बदललेल्या प्रत्येक भागावर आतील बाजूने लहान खूण करण्याची आणि काढलेला मूळ भाग यंत्रासोबतच जपून ठेवण्याची पद्धत जतनकार्यात पाळली जाते.