पंचकर्मापूर्वीचा संवाद

विरेचनाच्या दुसऱ्याच दिवशी आमचा एक रुग्ण लग्नाच्या पंगतीला बसला. रात्री उलट्या व पोटशूळ. दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. आम्ही त्याच्यावर रागावलो, तेव्हा तो म्हणाला, "जुलाब झाले म्हणजे उपचार संपले, असेच मला वाटले." चूक त्याची नव्हती. 'पथ्य पाळा' एवढेच आम्ही सांगितले होते.

पंचकर्मासाठी प्रथमच येणाऱ्यास मुख्य कर्माचा दिवस ठाऊक असतो. त्याच्या अलीकडचे व पलीकडचे दिवस नसतात. विरेचनाचेच पाहा. स्नेहपान ३ ते ७ दिवस, नंतर ३ दिवस अभ्यंग-स्वेदन, मग विरेचन आणि शुद्धीनुसार ३, ५ वा ७ दिवस पेयादी संसर्जनक्रम. अडीच आठवडेही लागू शकतात, हे रजेच्या व खर्चाच्या हिशेबासह आधीच सांगावे.

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारावे. त्या परस्पर बंद करू नयेत, असेही बजावावे. स्नेहपानात तूप नकोसे झाले, तर न लपविता कळवावयास सांगावे. स्त्रीरुग्णास अभ्यंग परिचारिकाच करील, याची खात्री द्यावी. गुण येईलच, अशी मात्र हमी देऊ नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही केवळ मागणीवरून विरेचनद्रव्ये देऊ नयेत.

आता आम्ही हा सर्व क्रम रुग्णासच त्याच्या शब्दांत परत सांगावयास लावतो. तो सांगता आला नाही, तर त्या दिवशी स्नेहपान सुरू होत नाही. संमतिपत्रावरील सही त्यानंतरची.